रोटर, डिस्क ब्रेकचा (माउंटन बाइक)

डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीत चाकाच्या हबवर घट्ट बसवलेली व चाकाबरोबर फिरणारी पातळ पोलादी तबकडी. लिव्हर ओढला की कॅलिपरमधील (पॅड धरणाऱ्या जबड्यातील) पिस्टन दोन्ही बाजूंचे पॅड या तबकडीवर दाबतात आणि घर्षणामुळे चाक मंदावते. गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते ते याच जागी, त्यामुळे रोटर हा ब्रेकचा भाग जितका तितकाच उष्णतेचा साठाही आहे. रोटर निवडताना व्यासाची चर्चा फार होते. साठ्याची मात्र त्या मानाने कमी.

इतिहास : डिस्क ब्रेकच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील एल्मर स्पेरी यांनी १८९८ च्या सुमारास आपल्या विजेच्या मोटारीत पुढच्या चाकांच्या हबवर तबकडी बसवून तिच्यावर विद्युत्‌चुंबकाच्या साह्याने घर्षक दाबण्याची योजना केली होती. केवळ कालक्रम पाहिला तर अग्रमान त्यांच्याकडे जातो. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांचे पेटंट १९०२ चे आहे. त्यात चाकाला जोडलेल्या पातळ पत्र्याच्या तबकडीची कड दोन जबड्यांत चिमटीसारखी धरण्याची कल्पना आहे. पातळ तबकडी व तिला दोन्हीकडून धरणारा जबडा हेच आजच्या सायकलीच्या ब्रेकचेही रूप असल्याने, निदान सायकलीपुरती वंशावळ लँचेस्टरपासून मांडणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यांच्या ब्रेकला तांब्याचे घर्षक होते. ते लवकर झिजत आणि कर्कश किंचाळत. दुसरी तक्रार शतकानंतरही, विशेषतः ओल्या रोटरवर, सायकलस्वारांच्या तोंडी आहेच. १९५३ च्या ल मां शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी झाल्यावर मोटारींत या ब्रेकचा दबदबा वाढला. होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर १९६९ मध्ये डिस्क आली.

सायकलीसाठी शिमानोसह काही उत्पादकांनी १९७० च्या दशकात डिस्क ब्रेक काढले होते, पण ते रुळले नाहीत. माउंटन बाइकचा जन्म त्याच दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला आणि तिच्या आद्य शर्यतीचे नावच ब्रेकच्या उष्णतेवरून पडलेले आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या उतारशर्यतीत जुन्या सायकलींच्या हबमधील कोस्टर ब्रेक (पेडल उलटे दाबले की लागणारे) इतके तापत, की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नाव ‘रीपॅक’ पडले. हा उतार सुमारे ४०० मी. उंचीचा. सायकल व स्वार मिळून १०० किग्रॅ. धरले, तर खाली येईपर्यंत सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सव्वा लिटर पाणी २५° से. पासून उकळीला आणण्याइतकी. तिच्यातला काही वाटा हवेचा रोध व टायर घेतात, उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो. इंग्लंडमधील होप, अमेरिकेतील हेस अशा उत्पादकांमुळे १९९० च्या दशकात डिस्क ब्रेक माउंटन बाइकवर स्थिरावले.

धातू व घडण : बहुतेक रोटर मार्टेन्साइटी अगंज पोलादाचे असतात. हे पोलाद उष्णोपचाराने कठीण होते आणि गंजालाही बऱ्यापैकी टिकते. स्वस्त रोटर तुलनेने मऊ असतात व त्यांवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे छापलेले असते. त्यांवर सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड लावले तर रोटर झपाट्याने खरवडला जातो. काही रोटरांत पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा गाभा असतो. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते, पण ते ६६०° से. ला वितळते, म्हणून दीर्घ, तीव्र उतारावर सतत ब्रेक धरून उतरणाऱ्या वजनदार स्वाराने जाड, सलग पोलादी रोटर घेणे अधिक बरे, असे मत आहे आणि ते ग्राह्य वाटते.

तापताना रोटरचा बाहेरचा घर्षण-पट्टा आधी तापतो, हबकडील भाग थंडच राहतो. १८० मिमी. व्यासाच्या पोलादी पट्ट्याचे तापमान २००° ने वाढले तर व्यास सुमारे ०.४ मिमी. वाढू पाहतो. पट्टा व हबकडील भाग जोडणाऱ्या थंड भुजा त्याला धरून ठेवतात, मग पट्टा आडवा वाकतो आणि कोपऱ्यानंतर ब्रेक सोडला तरी पॅडला घासत ‘टिंग-टिंग’ वाजू लागतो. थंड झाल्यावर आवाज गेला तर रोटर कायमचा वाकलेला नाही, असे समजावे. हा ताण सैल व्हावा म्हणून भुजा तिरप्या आखतात. काही रोटरांत पट्टा व ॲल्युमिनियमचा मधला भाग वेगवेगळे करून रिव्हेटांनी जोडलेले असतात. भुजांच्या तिरपेपणामुळे फिरण्याची दिशा ठरते; रोटरवर बाण असल्यास तो पाहूनच बसवावा.

रोटरवरील भोके कशासाठी, यावर मतभेद आहेत. ती थंडाव्यासाठी असतात हा समज सर्वांत रूढ आहे. भोकांमुळे हवेला मिळणारे पृष्ठफळ थोडे बदलते हे खरे, पण तितकाच धातूही कमी होतो. म्हणजे क्षणिक उष्णता साठवण्याची क्षमता घटते. एकाच व्यासाच्या व जाडीच्या दोन रोटरांत कमी भोकांचा रोटर एकाच जोरदार ब्रेकनंतर कमी तापलेला असणार, हे साध्या हिशोबाने दिसते. भोकांच्या कडा पॅडवरचे पाणी, चिखल व घर्षणाची भुकटी पुसून काढतात हे दुसरे मत. ओल्या मातीतल्या सायकलीच्या बाबतीत तेच मुख्य कारण असावे. वजनातली बचत हा जोडलाभ.

व्यास व जाडी : प्रचलित व्यास १४०, १६०, १८०, २००, २०३, २२० व २२३ मिमी. आहेत. पॅडवरचा दाब तोच राहिला तर रोधक परिबल व्यासाबरोबर वाढते. १६० वरून १८० वर गेल्यास ते सुमारे साडेबारा टक्क्यांनी जास्त मिळते. पॅड कडेच्या जरा आत घासतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ किंचित अधिकच असते. मात्र रोटरांबरोबर चाकेही मोठी झाली. २६ इंची चाकाऐवजी २९ इंची चाक घेतले की टायरसह व्यास सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीवरचे रोधक बल तेवढे घटते. २९ इंची सायकलीवरचा १८० चा रोटर हा जुन्या सायकलीवरच्या १६० च्या थोडाच पुढे असतो तो यामुळे.

जाडी सामान्यतः १.८ मिमी. असते, अलीकडे २ मिमी. व काही उतारशर्यतीच्या सायकलींवर २.३ मिमी. रोटर दिसतात. १.८ ऐवजी २ मिमी. घेतल्यास पट्ट्याचे वस्तुमान, आणि म्हणून उष्णतेचा साठा, ११ टक्क्यांनी वाढतो. आडव्या वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ३७ टक्क्यांनी वाढतो. उदाहरणार्थ, १०० किग्रॅ. भार ताशी ३६ किमी. वेगावरून थांबवताना ५,००० ज्यूल ऊर्जा जिरते. ती सगळी १५० ग्रॅ. च्या एकाच रोटरने घेतली, तर त्याचे सरासरी तापमान एका थांब्यात सुमारे ६७° ने वाढते. प्रत्यक्षात आधी पट्टाच तापत असल्याने तिथे आणखी जास्त. असे चार थांबे लागोपाठ आले की पॅड, पिस्टन व पिस्टन ढकलणाऱ्या तेलापर्यंत उष्णता पोहोचू लागते आणि लिव्हर मऊ पडतो. ब्रेक ‘कमी लागतो’ म्हणून मोठा व्यास घ्यावा. ब्रेक सुरुवातीला चांगला लागून उताराच्या शेवटी ढिला पडत असेल, तर जाडी व व्यास दोन्ही पाहावे. हा भेद पुष्कळदा लक्षात घेतला जात नाही.

पुढच्या चाकावर ब्रेक लावताना भार सरकून येतो म्हणून मोठा रोटर पुढे लावण्याचा प्रघात आहे. लांब उतारावर मागचा ब्रेक सतत धरून ठेवण्याची सवय असलेल्यांचा मागचा रोटरच आधी तापून निळसर पडतो. त्यांना दोन्हीकडे समान व्यास उपयुक्त ठरतो.

बसवणी : हबला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत ४४ मिमी. व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट असतात. दुसरी शिमानोची सेंटरलॉक. तीत रोटर खाचांवर सरकवून लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळतात. सेंटरलॉक हबवर ॲडॅप्टर लावून सहा बोल्टांचा रोटर चालतो, उलट चालत नाही.

मोठ्या रोटरसाठी कॅलिपर त्रिज्येतील फरकाइतका बाहेर न्यावा लागतो : २० मिमी. जास्त व्यासाला १० मिमी. २०० व २०३ हे अदलाबदलीचे आकार नव्हेत. कॅलिपर बाहेर नेणाऱ्या २०३ च्या ॲडॅप्टरवर २०० चा रोटर लावला तर पॅडची वरची दीड मिमी. कड रोटरच्या बाहेर राहते व झिजत नाही. महिन्यांनी पॅड पातळ झाले की दोन्ही पॅडांच्या या कडा एकमेकींना टेकतात, आणि पॅड शिल्लक दिसत असताना लिव्हर दांड्याला लागतो. फोर्क व फ्रेमला कमाल व्यासाची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. ती ओलांडू नये, कारण वाढीव परिबल शेवटी कॅलिपरच्या माउंटवर येते. २.३ मिमी. चा रोटर जुन्या कॅलिपरच्या फटीत नव्या पॅडांसह मोकळा फिरेलच असे नाही.

नवा रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात आणि मध्यम वेगावरून, चाक न अडकवता, १५–२० वेळा वेग कमी करतात. त्यामुळे पॅडचा पातळ थर रोटरवर एकसारखा बसतो. जुने, तेल लागलेले पॅड नव्या रोटरवर लावल्यास तोही दूषित होतो.

झीज : किमान जाडी बहुधा भुजेवरच कोरलेली असते; शिमानोच्या १.८ मिमी. रोटरांसाठी ती १.५ मिमी. आहे. व्हर्नियरचे सपाट जबडे कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. मायक्रोमीटरने पट्ट्याच्या मध्यावर मोजावे. किंचित वाकलेला रोटर स्वच्छ पान्याने सरळ करता येतो.

विजेच्या सायकलींपैकी काहींत वेगमापकाचा चुंबक मागच्या रोटरवर असतो; अशा सायकलीला साधा रोटर लावला तर मोटरला वेग कळत नाही.