आत्याचा हुंकार कुठे अडकला?

"खेड्यातल्या माणसाला डॉक्टर समोर लागतो, पडद्यावरचा चालत नाही," असं शहरात बसून ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आकडे मात्र तसं म्हणत नाहीत. डॉक्टरांचा सल्ला ऑनलाइन मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्येच १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. लोक यायला तयार आहेत. मला कुतूहल आहे ते बोलणं सुरू झाल्यावर काय होतं याचं.

माझ्या आत्याने मध्यंतरी एका डॉक्टरांना व्हिडिओवर गुडघा दाखवला. म्हणाली, "माणूस भला आहे रे, पण मधेच तोडतो. आणि मी सांगायला लागले की नुसता गप्प!" तोडणारा आणि गप्प बसणारा माणूस एकच कसा?

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दहा भाषांच्या २००९ मधल्या अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच दिसलं. गंमत अशी की एक साधा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून आपण उत्तर आधीच शिजवत ठेवतो.

आता मधे ०.४ सेकंदाचा उशीर घाला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" प्रश्न ०.४ सेकंदाने पोचला, आत्याने ०.२ सेकंदात तोंड उघडलं, आवाज परत जायला आणखी ०.४. डॉक्टरांच्या कानी पूर्ण एक सेकंद शांतता! त्यांना वाटलं, बाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तोवर इकडे आत्याचं "दिवाळीपासून" निम्मं सांगून झालेलं. झाली टक्कर. आणि त्यांचे "हं", "बरं", "हो का"? एका बाजूचा आवाज चालू असला की दुसरीकडचा बारीक आवाज प्रतिध्वनी समजून दाबणारं सॉफ्टवेअर असतं. हुंकार तिथेच गिळला जातो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या वर जाऊ नये, असं म्हटलं आहे. इस्रोने २००१ मध्ये आंध्रातलं अरगोंडा गाव चेन्नईच्या अपोलो रुग्णालयाशी उपग्रहाने जोडलं. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली पोचायला ७२,०००, भागिले प्रकाशाचा वेग ३ लाख, म्हणजे ०.२४ सेकंद. त्यात कोणाचा इलाज नाही. फायबरमध्ये मात्र हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंदच लागतात. मग आज उशीर येतो कुठून? नेटवर्क डळमळीत असलं की आवाजाचे तुकडे, म्हणजे डेटाची 'पाकिटं', वेडीवाकडी पोचतात. ती ओळीने लावण्यासाठी फोन त्यांना थोडा वेळ अडवून ठेवतो. रेंज जितकी बेभरवशाची, तितका हा साठा मोठा. म्हणूनच 'फाइव्ह-जी आलं की सगळं सुटेल' ही जाहिरातबाजी मला पटत नाही. रस्ता आठपदरी केला तरी नाक्यावरचा खोळंबा तसाच राहू शकतो.

भगताकडे रांग का लागते, याचंही उत्तर मला इथे थोडं दिसतं. त्याच्या अंगाऱ्यात काही नसतं, पण तो "हं, हं" करत ऐकून घेतो.

ई-संजीवनीवरचे बहुतांश सल्ले रुग्णाने घरून घेतलेले नाहीत, आरोग्य केंद्रातून, तिथल्या कर्मचाऱ्याला शेजारी बसवून घेतलेले आहेत. तो बीपी बघतो, आणि माझ्या मते तितकंच महत्त्वाचं म्हणजे मान डोलावतो. तो हुंकार शून्य मिलिसेकंदात पोचतो.

आत्याला मी एवढंच सांगितलं, बोलून झालं की तसं सांगत जा. आता प्रत्येक वाक्यानंतर ती "झालं माझं!" म्हणते, पोलीस वायरलेसवर "ओव्हर" म्हणतात तसं.