गवताळ वनस्पती आणि जमिनीतील कर्बसाठा

गवताळ प्रदेशातला बहुतेक कर्ब जमिनीखाली असतो: थोडा जिवंत मुळांत, बाकीचा मातीतल्या सेंद्रिय पदार्थात. त्यामुळे वणवा लागला तरी साठ्याचा मोठा भाग शाबूत राहतो. नांगरट मात्र मातीची ढेकळे फोडून आतला सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीवांसमोर उघडा करते आणि कर्ब झपाट्याने घटतो.

साठ्याची भर मुख्यतः मुळांकडून होते. पृष्ठभागावर पडलेल्या पाल्यातला बराचसा कर्ब कुजताना पुन्हा हवेत जातो. बहुवर्षायू गवतांची तंतुमय मुळे दरवर्षी काही अंशी मरतात आणि मातीतच राहतात. त्यांच्या तुकड्यांतला कणरूप कर्ब तुलनेने लवकर कुजतो. मुळांचे स्राव सूक्ष्मजीव खातात. या जीवांचे मृत अवशेष चिकणमातीच्या खनिजांना चिकटले, तर शतकभरही टिकू शकतात. रेताड जमिनीत अशी पकड कमी मिळते. शिवाय ताज्या स्रावांवर पोसलेले सूक्ष्मजीव कधीकधी जुना सेंद्रिय पदार्थही फस्त करतात, म्हणून मुळे वाढली की कर्ब वाढलाच, असे गृहीत धरू नये.

कोणत्या जाती एकत्र वाढतात, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत मिनेसोटातील सेडर क्रीक येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात १ ते १६ जातींचे वाफे आहेत. तिथे मिश्र वाफ्यांत एकाच जातीच्या वाफ्यांपेक्षा जास्त कर्ब साठला. सी-४ गवत (उष्ण हवामानात जोमाने वाढणाऱ्या गवतांचा गट) आणि द्विदल ही जोडी विशेष प्रभावी ठरली: द्विदलाकडून नत्र मिळते, गवत त्यावर मुळांचे जाळे वाढवते.

अतिचराईत गवताची शक्ती पुन्हा पाने फुटण्यात खर्च होते आणि मुळे खुंटतात.

मोजमापाचे सूत्र सोपे आहे: कर्बाचे टक्के × आकारघनता (ठरावीक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन, ग्रॅम प्रति घनसेंमी) × खोली (सेंमी) = टन प्रति हेक्टर. १.२ टक्के कर्ब, १.३ घनता आणि ३० सेंमी खोलीला ४६.८ टन येतात (दगडगोटे असल्यास त्यांचे आकारमान वजा करावे). चुका बहुधा घनतेत होतात. गुरांनी तुडवलेली माती दाबली जाते, त्याच ३० सेंमीत जास्त माती मावते आणि कर्ब वाढल्याचा भास होतो. म्हणून तुलना समान वजनाच्या मातीची करावी. चुनखडीयुक्त जमिनीत एकूण कर्ब जाळून मोजायचा असेल, तर आधी आम्लाने कार्बोनेट काढावे लागते, नाहीतर चुन्यातला कर्बही सेंद्रिय म्हणून मोजला जातो.