नाताळची सगळीच जुनी गाणी विनामूल्य नसतात

‘अमेरिकेतील कंट्री (तेथील ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीचे) गायक नाताळच्या जुन्या गाण्यांचे अल्बम काढतात, कारण त्या गाण्यांवर कुणाचाच हक्क उरलेला नसतो,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो स्वाभाविक असला, तरी अर्धाच खरा आहे.

ऑस्ट्रियात १८१८ साली प्रथम गायले गेलेले ‘सायलेंट नाइट’ आणि १८५७ साली अमेरिकेत छापले गेलेले ‘जिंगल बेल्स’ खरोखरच सर्वांसाठी खुले आहेत. परंतु ‘व्हाइट ख्रिसमस’ १९४२चे, तर काउबॉय गायकाच्या आवाजात गाजलेले ‘रुडॉल्फ’ १९४९चे आहे. आणि त्या काळातील, हक्कांचे नूतनीकरण झालेल्या गाण्यांचा स्वामित्वहक्क अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. एकदा ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झालेले गाणे तेथे दुसऱ्या गायकाला मालकाच्या खास संमतीविना पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते हे खरे, पण कायद्याने ठरवलेले शुल्क त्याला भरावेच लागते. गैरसमजाचे मूळ बहुधा या सवलतीतच असावे.

पडताळणीसाठी अल्बमच्या श्रेयनामावलीत गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले आहे की गीतकार-प्रकाशकांची नावे आहेत, ते पाहावे आणि अशा जुन्या गाण्याचा हक्क कधी संपतो हे कळण्यासाठी प्रथम प्रकाशनाच्या वर्षात ९५ मिळवावेत. मात्र गाणे खुले असले, तरी त्याच्या नव्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असतो.