जळते ती वाफ: गोव्याच्या उकाड्यात पेट्रोल, डिझेल आणि फेणीची साठवण

मे महिन्याच्या दुपारी मालीम किंवा कुटबणच्या जेटीजवळच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज चाळिशीच्या वर जातो. त्या शेडमध्ये डिझेलची पिंपे असतात, शेजारी जाळी आणि दोरखंड, आणि कोपऱ्यात कुणीतरी वेल्डिंग करत असतो. डिझेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे, पेटती काडी टाकली तरी विझते, असा एक ठाम समज आहे. पण त्या दुपारी, त्या शेडमध्ये तो खरा असेलच असे नाही.

द्रव स्वतः पेटत नाही, त्याच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ हवेत मिसळून पेटते. ज्योत दाखवल्यावर भपका उठेल इतकी वाफ ज्या तापमानाला तयार होऊ लागते, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. थिनरमधल्या टोल्युइनचा सुमारे ४, शुद्ध इथाइल अल्कोहोलचा १३. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश असला पाहिजे, रॉकेलचाही तेवढाच. प्रत्यक्षात डिझेल बहुधा त्याहून बरेच वर असते, पण हमी फक्त ३५ची. मोठ्या जहाजांवरच्या इंधनाला आंतरराष्ट्रीय नियमांनी ६० अंशांची अट घातली आहे. ट्रॉलरच्या टाकीत पंपावरचेच डिझेल जात असेल, तर ६० अंशांचा भरवसा धरता येत नाही.

आपला कायदाही याच तापमानावर उभा आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ आणि त्याखालचे पेट्रोलियम नियम २००२ यांनी तीन वर्ग केले आहेत: २३ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेले ते ‘अ’ वर्गाचे, २३ ते ६५च्या आतले ‘ब’, आणि ६५ ते ९३च्या आतले ‘क’. पेट्रोल आणि नॅफ्था (पेट्रोलसारखाच हलका खनिज द्रव) ‘अ’मध्ये, डिझेल आणि रॉकेल ‘ब’मध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुरगाव बंदरातून वाहवत येऊन दोना पावलाच्या खडकांत अडकलेल्या ‘नू शी नलिनी’ या जहाजाची एवढी धास्ती वाटली, ती त्यात दोन हजार टनांहून अधिक नॅफ्था होता म्हणून. त्याच जागी फर्नेस ऑइल, म्हणजे जड, सहज न पेटणारे तेल, असते तर मुख्य भीती समुद्र घाण होण्याची असती, आगीची नव्हे.

परवाना केव्हा लागत नाही, हे आधी पाहू, कारण बहुतेकांचा साठा याच पट्ट्यात येतो. ‘ब’ वर्गाचे द्रव एका जागी २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, मात्र त्यातले एकही भांडे १,००० लिटरहून मोठे नको. २०० लिटरची बारा पिंपे चालतात, तेरावे आले की परवाना हवा. ‘अ’ वर्गाची सूट फार लहान आहे: फक्त ३० लिटर, आणि तेही विक्रीसाठी नसेल तरच. भांडे घट्ट बुचाचे हवे. काच किंवा चिनी मातीचे असेल तर जास्तीत जास्त १ लिटरचे, धातूचे असेल तर २५ लिटरचे.

किनारपट्टीच्या रस्त्यांवर भाड्याच्या स्कूटरवाल्यांसाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांतून पेट्रोल मांडलेले दिसते. ही सूट त्या बाटल्यांना लागूच होत नाही. विक्री हे एक कारण, प्लास्टिक हे दुसरे. अशी बाटली उन्हात मऊ पडते, बूच सैलावते. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग या हिशेबाने फुगते, म्हणजे पहाटे गळ्यापर्यंत भरलेली बाटली दुपारपर्यंत २० अंशांनी तापली तर दोन टक्के पेट्रोलला जागा उरत नाही. म्हणून कोणत्याही भांड्यात निदान पाच टक्के जागा मोकळी ठेवावी.

एक लिटर पेट्रोल सांडून पूर्ण उडाले तर साधारण १९० लिटर वाफ होते. हवेत ही वाफ १.४ टक्के झाली की मिश्रण पेटण्याजोगे होते. गणित केले तर एका लिटरमधून १३ घनमीटरहून अधिक ज्वलनशील हवा तयार होऊ शकते, म्हणजे एक छोटी खोली भरून. खोली भरायची वाट पाहावी लागत नाही, हे त्याहून वाईट. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून, गटारातून, उताराने खाली जाते आणि दहा-पंधरा पावलांवरच्या समईपर्यंत किंवा फ्रिजच्या ठिणगी पाडणाऱ्या रिलेपर्यंत पोहोचते. तिथे पेटलेली ज्योत त्याच वाटेने मागे सांडलेल्या जागी येते.

पेटण्याला वरचीही मर्यादा असते. पेट्रोलची वाफ ७.६ टक्क्यांच्या वर गेली की हवा अपुरी पडते आणि मिश्रण पेटत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या तापमानात पेट्रोलच्या बंद टाकीच्या आतली हवा सहसा इतकी दाट असते की ती आत पेटू शकत नाही, धोका तोंडाशी असतो. अल्कोहोलचे तसे नाही, आणि ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्याची मर्यादा ३.३ ते १९ टक्के. ३० अंशांना शुद्ध अल्कोहोलच्या पिंपातली वाफ दहा टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे नेमकी मधोमध. गोव्यातल्या हवेत अर्धे रिकामे अल्कोहोलचे पिंप जवळजवळ वर्षभर आतूनही स्फोटक असते.

फेणी याच रांगेत बसते. हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या गाळपाच्या सौम्य दारूत, अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास असते, त्याचा फ्लॅश पॉइंट ४० अंशांच्या वर. काजूच्या फेणीत ते ४२ टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे फ्लॅश पॉइंट २६ अंशांवर उतरतो. काजूचा हंगाम मार्च ते मे. त्या दिवसांत भाटीवरची, म्हणजे गाळायच्या भट्टीवरची, ताजी फेणी सतत आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वरच असते, आणि दोन पावलांवर लाकडे जळत असतात. थंड करायचे पाणी वेळेवर बदलले नाही की वाफ पूर्ण द्रव होत नाही, भांड्याच्या तोंडातून बाहेर पडते आणि आगीकडे जाते. जमा होणारी फेणी चुलीपासून शक्य तितकी लांब, शक्य तर मध्ये चिऱ्यांची भिंत घालून, आणि वारा तिची वाफ चुलीकडे नेणार नाही अशा अंगाला घ्यावी. फेणी पेट्रोलियम कायद्यात येत नाही, तिचा परवाना अबकारी खात्याचा. भौतिकशास्त्र मात्र दोन्हीकडे एकच आहे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती रिकाम्या पिंपांची. पिंप ओतून रिकामे केले तरी शिवणीत आणि तळाशी थोडे पेट्रोल राहते, आणि आता आत हवाही शिरलेली असते. भरलेल्या पिंपात जे मिश्रण पेटायला फार दाट होते, ते आता नेमके जुळून येते. असे पिंप गॅस कटरने कापणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. डिझेलचेही तेच: थंड असताना वाफ नसते, पण कटरची ज्योत पत्रा तापवते, कडेचा थर उडतो आणि मग पेटतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलरची डागडुजी चालते. टाकीजवळ वेल्डिंग करायचे असेल तर टाकी उपसून, धुऊन, पाण्याच्या वाफेने किंवा पाण्याने आतली इंधनाची वाफ बाहेर काढून, गॅस मोजणाऱ्या यंत्राने तपासावी. वासावर विसंबू नये, नाक थोड्या वेळात सरावते. पिंप कापायचेच असेल तर ते पाण्याने काठोकाठ भरून, कापायच्या रेषेच्या जेमतेम खालपर्यंतच पाणी काढावे. शक्य असेल तर छिन्नी-हातोडीलाही हात लावू नये, दुसरे पिंप घ्यावे.

आता खोली. तळ सिमेंट काँक्रीटचा हवा. चिऱ्यांची फरशी किंवा चोपलेली जमीन पेट्रोल शोषून घेते, मग दिवसभर वाफ सोडत राहते, आणि पावसाळ्यात ते झिरपत विहिरीपर्यंत जाते. दाराला उंच उंबरा असावा, इतका की सगळा साठा सांडला तरी आतच राहील. दार बाहेर उघडणारे. झरोके छताशी आणि जमिनीशी, दोन्हीकडे: वरचाच ठेवला तर जड वाफ बाहेर पडत नाही. झरोक्यांवर न गंजणाऱ्या धातूच्या जाळीचे दोन थर लागतात, सेंटिमीटरला किमान ११ छिद्रे, अशी नियमातली मोजणी आहे. इतकी बारीक जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, म्हणून बाहेरची ज्योत आत शिरू शकत नाही. समुद्रालगत साध्या लोखंडी जाळीला पावसाळ्यात भोक पडते किंवा गंजाने ती बुजून जाते. पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे, आणि चतुर्थीच्या आधी एकदा झाडून पाहावे.

पिंपे उघड्यावर उभी ठेवली की झाकणावर पावसाचे पाणी साचते. रात्री पिंप थंड होते, आतला दाब घटतो आणि तेच पाणी बुचाच्या आट्यांमधून आत खेचले जाते. आडवी ठेवावीत, दोन्ही बुचे घड्याळातल्या ३ आणि ९ या जागी, द्रवाखाली राहतील अशी. जमिनीवर न ठेवता लाकडी दांड्यांवर. गंज आधी तळाच्या कडेला धरतो, तीच जागा बोटांनी चाचपून पाहावी.

पेट्रोल ओतताना स्थिर वीज तयार होते, आणि पावसाळ्यातली दमट हवा ती सगळी घालवते असे समजू नये: वरच्या पृष्ठभागावरची ती थोडी कमी होते, द्रवाच्या आतली राहते. धातूचे पिंप आणि धातूचे भांडे तारेने जोडावे, पिंप जमिनीला अर्थ करावे. नळी भांड्याच्या तळापर्यंत न्यावी आणि तिचे तोंड बुडेपर्यंत हळू भरावे. कॅन जमिनीवर ठेवून भरावा, गाडीच्या मागच्या प्लास्टिकच्या अस्तरावर किंवा स्कूटरच्या पायदानावर नाही.

सवलतीच्या पलीकडचा साठा हवा असेल तर वाट ठरलेली आहे. ‘अ’ वर्ग ३०० लिटरपर्यंत, आणि ‘ब’ वर्ग पिंपांत २५,००० लिटरपर्यंत, यांचा परवाना जिल्हा प्राधिकारी देतात. त्याहून मोठा साठा, भूमिगत टाक्या किंवा पंप असेल तर अर्ज पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्रीय संस्थेकडे, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. आधी जागेचा आराखडा मोजमापासह मंजूर करून घ्यायचा, जिल्हा प्राधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला घ्यायचा, मग बांधायचे. उलट क्रम केला तर सुरक्षित अंतर कमी पडल्याचे भिंत उभी राहिल्यावर कळते. परवाना हाती आल्यावरही मंजूर आराखड्यात बदल करायचा तर आधी परवानगी लागते, नुसती शेजारची भिंत पुढे सरकवायची असली तरी. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीत, वस्तीला लागून असा साठा असला की काय होते, ते आसपासच्या लोकांनी पाहिले.

विझवण्याचे साहित्य द्रवानुसार बदलते. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर पसरते, तिथे फोम किंवा कोरडी पावडर. सुक्या वाळूच्या बादल्या सांडलेले अडवायला उत्तम. अल्कोहोल पाण्यात मिसळते आणि साधा फोम तोडून टाकते, म्हणून भाटीजवळ अल्कोहोलरोधक फोम नसेल तर भरपूर पाणी. फेणीत जेवढ्यास तेवढे पाणी मिसळले तर अल्कोहोल २१ टक्क्यांवर येते आणि फ्लॅश पॉइंट ३६ अंशांच्या आसपास जातो. म्हणून पेटलेल्या फेणीवर एक-दोन तांबे टाकून थांबू नये, बादल्या ओताव्यात, आणि त्या हंगामाआधीच भरून ठेवाव्यात.