लायब्ररी बसली, पण कोणत्या पायथॉनमध्ये?

पांडाज ही डेटा हाताळायची पायथॉन लायब्ररी (तयार कोडचा संच) शिकायला बसलेल्या बऱ्याच जणांची पहिली अडचण पांडाजची नसतेच. लायब्ऱ्या बसवणाऱ्या पिप या साधनाची ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ ही कमांड सुरळीत चालते, शेवटी ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ अशी ओळ येते, आणि प्रोग्रॅम चालवला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. दोन्ही संदेश खरे असतात. एकाच संगणकावर दोन-तीन पायथॉन नांदत असतात: एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेलं, एक आपण नंतर घातलेलं, कधी तिसरं, पायथॉन आणि लायब्ऱ्या एकत्र देणाऱ्या अ‍ॅनाकोंडाचं. लायब्ररी एकात गेली, प्रोग्रॅम दुसऱ्यात चालला.

म्हणून नुसतं ‘पिप’ न लिहिता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’ असं लिहायची सवय लावावी. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टंकताना अर्थात रोमन लिपीत, मोकळ्या जागा सांभाळून.) ‘-एम’मुळे ज्या पायथॉनला हाक मारली, त्याच्याच पदरचं पिप कामाला लागतं. शंका असेल तर ‘पायथॉन -एम पिप --व्हर्जन’ चालवा. पिप कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणत्या पायथॉनचं आहे, हे एका ओळीत कळतं.

कमांड दिल्यावर पिप ‘पायपीआय’ या सार्वजनिक कोठाराकडे जातं. हे कोठार 2003 पासून आहे. पिप नंतरचं, 2008 मध्ये इयान बिकिंग यांनी लिहिलेलं. पांडाजच्या माहितीपत्रात तिला काय काय लागतं ते नोंदलेलं असतं: आकडेमोडीसाठी नमपाय हवं, तारखांसाठी डेटयुटिल हवं. डेटयुटिलला पुन्हा सिक्स नावाची छोटी लायब्ररी लागते. एकीला बोलावलं की सगळा गोतावळा येतो तो असा. खरी कसोटी असते ती प्रत्येकीची सगळ्यांना चालेल अशी आवृत्ती शोधण्याची. जुनं पिप यात गाफील होतं. पहिली मागणी पुरी करायचं आणि दुसरी मोडली तरी पुढे जायचं. 2020 च्या अखेरीस आलेल्या 20.3 या आवृत्तीपासून ते मेळ बसेपर्यंत मागे जाऊन जुन्या आवृत्त्या तपासतं. त्यामुळे कधी एकाच लायब्ररीच्या चार-पाच आवृत्त्या उतरताना दिसतात. ते अडकलेलं नसतं, जुळवाजुळव करत असतं.

उतरते ती फाइल बहुधा ‘व्हील’ असते. हे व्हील गाडीचं नाही, चीजच्या चाकासारख्या गोल ढेपेचं. पायपीआयचं जुनं टोपणनाव ‘चीज शॉप’ होतं. आतून ती साधी झिप फाइल असते आणि पिप ती ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डरमध्ये उलगडतं. तिच्या नावातच पत्ता असतो: ‘सीपी312’ म्हणजे पायथॉन 3.12 साठी, पुढे विंडोज, मॅक की लिनक्स आणि कोणता प्रोसेसर. तुमच्याशी जुळणारं व्हील नसेल तर पिप मूळ सोर्स कोड उतरवून तो तिथेच बांधायला घेतं. त्यासाठी बहुधा सी भाषेचा कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लागतो. तो नसला की विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ 14.0’ मागणारी लालभडक एरर येते. नवं पायथॉन नुकतंच आलेलं असताना हे हमखास होतं, कारण सगळ्या लायब्ऱ्यांची व्हील तयार झालेली नसतात. अशा वेळी कित्येक जीबींची बिल्ड टूल्स घालण्यापेक्षा एक आवृत्ती जुनं पायथॉन घ्यावं. ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ जोडलं तर पिप बांधकामाच्या फंदात पडतच नाही.

लिनक्सच्या डेबियन 12 किंवा उबुंटू 23.04 आणि नंतरच्या आवृत्त्यांवर पिप सुरुवातीलाच अडवतं: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’. हा आडमुठेपणा नाही. लिनक्सची स्वतःची काही साधनं पायथॉनवर चालतात. त्यांच्या लायब्ऱ्या आपण बदलल्या तर ती कोलमडू शकतात. इंटरनेटवर यावर ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा उतारा सर्रास सांगतात. नावात ‘ब्रेक’ आहे, ते उगाच नाही.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला वेगळी चूल: स्वतःच्या लायब्ऱ्या असलेलं वेगळं पायथॉन, म्हणजेच ‘व्हेन्व’. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘पायथॉन3 -एम व्हेन्व .व्हेन्व’ चालवा, विंडोजवर ‘पायथॉन3’ऐवजी ‘पाय’. डेबियन-उबुंटूवर आधी ‘सुडो एप्ट इन्स्टॉल पायथॉन3-व्हेन्व’ लागू शकतं. मग लिनक्स-मॅकवर ‘सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट’, विंडोजवर ‘.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट’. विंडोजच्या पॉवरशेल या कमांडच्या खिडकीने स्क्रिप्ट चालवायला नकार दिला तर ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप प्रोसेस रिमोटसाइन्ड’. ही सूट त्या खिडकीपुरतीच असते. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘.व्हेन्व’ दिसलं की आपण योग्य घरात आहोत. हे फोल्डर दुसरीकडे हलवू नका; आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते कोरलेले असतात. ‘पिप फ्रीझ’ची यादी ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’मध्ये ठेवा आणि नव्या जागी ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ देऊन त्याच लायब्ऱ्या पुन्हा बसवा.

नावांचाही घोळ असतो. प्रोग्रॅममध्ये ‘सीव्ही2’ लिहितो, पण इन्स्टॉल करायचं ‘ओपनसीव्ही-पायथॉन’. ‘पीआयएल’साठी ‘पिलो’, ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट-लर्न’. अंदाजाने नाव टंकू नये. प्रसिद्ध नावात एखादं अक्षर बदलून घातक पॅकेज टाकणारे लोक आहेत, आणि सोर्समधून बांधताना पॅकेजमधला कोड तुमच्या संगणकावर लगेच चालतो.

जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं आणि नमपाय 1 च्या मालिकेसाठी बांधलेल्या अनेक लायब्ऱ्या त्याच्याबरोबर चालेनात. तेव्हा सल्ला होता ‘पिप इन्स्टॉल "नमपाय<2"’. त्यातली अवतरणचिन्हं गाळू नका. ती नसतील तर ‘<’ हे चिन्ह पिपपर्यंत पोहोचतच नाही. टर्मिनल ‘2’ नावाची फाइल शोधू लागतं. ‘>=1.26’ अवतरणचिन्हांशिवाय लिहिताना तर बॅश (लिनक्सवर कमांड वाचणारा प्रोग्रॅम) तक्रारही करत नाही. नमपायची सगळ्यात नवी आवृत्ती बसते, पिपचा सगळा मजकूर पडद्यावरून गायब होतो, आणि फोल्डरमध्ये ‘=1.26’ नावाची एक अनोळखी फाइल सापडते.