माझदा एमएक्स-५ : रेडिएटरची निवड

माझदा एमएक्स-५ या जपानी दोन आसनी, उघड्या छताच्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या पहिल्या पिढीत (१९८९–९७) इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा जुना रेडिएटर निकामी झाला, की त्या जागी कंपनीच्या नमुन्याचाच नवा बसवावा की कोयो, मिशिमोटो यांसारख्या उत्पादकांचा जाड, पूर्ण ॲल्युमिनियमचा घ्यावा, हा प्रश्न मालकापुढे येतो. हिरोशिमात तयार होणाऱ्या या मोटारीने सर्व पिढ्या मिळून एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला. पहिल्या पिढीच्या पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आणि हौशी शर्यतींत धावत असल्याने हा प्रश्न अजून जिवंत आहे.

कंपनीच्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा असतो. चपट्या उभ्या नळ्या, त्यांच्यामध्ये नागमोडी पत्र्याची जाळी, आणि वर-खाली काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या. टाकी व गाभा यांच्यामध्ये रबरी सील ठेवून पत्र्याच्या कडा टाकीवर दुमडलेल्या असतात. इंजिनातून तापून आलेले कुलंट (उष्णता वाहून नेणारे ग्लायकॉल व पाणी यांचे मिश्रण) वरच्या टाकीत शिरते आणि नळ्यांतून खाली उतरताना थंड होते. ही रचना हलकी, स्वस्त आणि पुरेशी कार्यक्षम आहे. तिचा कमकुवत भाग म्हणजे वरची टाकी. वर्षानुवर्षे तापून-निवून काळे नायलॉन हिरवट तपकिरी होते, ठिसूळ बनते आणि एके दिवशी तडकते. बॉनेट उघडताच दिसणारा हा रंगबदल ही सर्वांत भरवशाची सूचना आहे. गळती सुरू होईपर्यंत थांबू नये.

कारण गळतीबरोबर दाबही जातो. ग्लायकॉल व पाणी यांचे समसमान मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७ अंश सेल्सियसला उकळते. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे ०.९ बारचा दाब राखला, तर हाच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. टाकी तडकली की ही सवलत एकदम संपते. या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) ओतीव लोखंडाचा आणि हेड (त्यावरचा भाग) ॲल्युमिनियमचे आहे. अतितापाने हेड वाकते, या दोहोंमधले सील म्हणजे हेड गॅस्केट उडते, आणि त्या दुरुस्तीपुढे कोणत्याही रेडिएटरची किंमत किरकोळ ठरते.

बाहेरच्या उत्पादकांच्या रेडिएटरमध्ये टाक्याही ॲल्युमिनियमच्या असून गाभ्याला वेल्डिंगने जोडलेल्या असतात. त्यामुळे नायलॉन तडकण्याचा प्रश्नच मिटतो, आणि हाच त्याचा खरा फायदा आहे. जाहिरातीत भर असतो तो जाडीवर. साधारण ३५ ते ५५ मिमी जाडीचे गाभे मिळतात, मूळ गाभा याहून पातळ असतो. मात्र जाडी दुप्पट केल्याने थंडावा दुप्पट होत नाही. पुढच्या भागातून तापलेली हवाच मागच्या भागाला मिळते, शिवाय जाड जाळी हवेला अधिक अडवते. नेहमीच्या वापरात तर थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) तापमान ठरवतो. मूळ रेडिएटर ते तापमान राखू शकत असेल, तर मोठा बसवूनही तापमानाचा काटा खाली येत नाही. वाढीव क्षमता तशीच पडून राहते.

म्हणून रेडिएटर निवडण्याआधी हवेची वाट तपासणे महत्त्वाचे. पुढच्या बंपरखालचे प्लॅस्टिकचे आवरण हवेला रेडिएटरकडे वळवते. दुरुस्तीच्या वेळी काढलेले हे आवरण पुष्कळदा परत बसवलेच जात नाही. मग गावात नीट चालणारी गाडी महामार्गावर तापू लागते आणि दोष रेडिएटरला दिला जातो. उलट, गाडी उभी असताना तापत असेल, तर संशय आधी रेडिएटरच्या पंख्यावर आणि तो चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर म्हणजे रिलेवर घ्यावा.

या इंजिनाची आणखी एक अडचण कोणताही रेडिएटर सोडवू शकत नाही. हे इंजिन मूळचे माझदा ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवे बसत असे. एमएक्स-५ मध्ये ते उभे बसवताना कुलंट बाहेर पडण्याची जागा पुढे, कुलंटच्या पंपाच्याच बाजूला आली. परिणामी मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवतीचा प्रवाह तुलनेने मंद राहतो. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) बसवलेल्या किंवा सर्किटवर सतत पळणाऱ्या गाड्यांत जाणकार कुलंटची वाट बदलून ते हेडच्या मागच्या टोकातून बाहेर काढतात. अशा गाड्यांना जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावाच; तिथे वाढीव क्षमता खऱ्या अर्थाने कामाला येते. रोजच्या रस्त्यासाठी मात्र चांगल्या उत्पादकाचा कंपनीच्या नमुन्याचा नवा रेडिएटर पुरतो आणि तो अनेक वर्षे साथ देतो. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा घेण्यापेक्षा तो केव्हाही बरा, कारण कच्च्या वेल्डिंगचे सांधे नायलॉनपेक्षाही लवकर गळू शकतात.

खरेदी करताना पंख्यांचे आणि एसीच्या कंडेन्सरचे आधार जुळतात का, जाड गाभ्यामागे पंख्यांना जागा उरते का, हे मोजून पाहावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. ती सोय नसलेला नमुना तिथे चालत नाही. बसवताना मूळ रबरी बैठकी वापराव्यात. ॲल्युमिनियमची टाकी थेट चौकटीला आवळली, तर हादऱ्यांनी वेल्ड फाटतात. कुलंटमध्ये विहिरीचे किंवा नळाचे जड पाणी न घालता डिस्टिल्ड पाणी घालावे. भरताना गाडीचे नाक उंच ठेवून, हीटर पूर्ण उघडून, झाकणातून बुडबुडे येणे थांबेपर्यंत इंजिन चालवावे. हेडमध्ये हवा अडकून राहिली, तर नव्या रेडिएटरनिशीही इंजिन पहिल्याच फेरीत तापू शकते.