भाऊबीज (गोवा)

कार्तिक शुद्ध द्वितीयेला बहिणीने भावाला ओवाळण्याचा आणि भावाने बहिणीच्या हातचे जेवण्याचा सण. धर्मग्रंथांत या तिथीला यमद्वितीया म्हणतात, कोकणीत भावबीज. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, मग पाडवा, मग भाऊबीज हा नेहमीचा क्रम. तिथीची वृद्धी-क्षय झाली की त्यात एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला. द्वितीया दोन दिवसांत विभागली गेली, तर ज्या दिवशी ती अपराह्णी, म्हणजे दुपारनंतर, असेल तो दिवस धरावा असे धर्मशास्त्र सांगते. सणाचा जीव दुपारच्या पानात आहे, तेव्हा हे पटण्यासारखेच आहे.

पुराणकथा सर्वांना पाठ असते. यमुनेने भावाला, यमाला, वारंवार जेवायला बोलावले. कामातून सवड मिळून तो अखेर आला, तेव्हा तिने त्याला ओवाळले, पोटभर वाढले आणि वर मागितला: दरवर्षी या दिवशी ये, आणि आज जो बहिणीच्या हातचे जेवेल त्याला तुझे भय नसावे. या दिवशी पुरुषाने स्वतःच्या घरी जेवू नये असे निबंधग्रंथ, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ, सांगतात ते याच कथेच्या आधारे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही यम-यमी आहेत, पण त्या सूक्ताचा सूर अगदी निराळा; त्याचा भाऊबिजेशी संबंध जोडताना सावध राहिलेले बरे. दुसरी कथा नरकासुराला मारून सुभद्रेकडे आलेल्या कृष्णाची. गोव्यात ती जास्त चपखल बसते, कारण इथली दिवाळी उजाडते तीच नरकासुराला जाळून. चतुर्दशीची रात्र जागून काढलेले वाड्यावरचे मुलगे पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात, न्हातात, तुळशीपुढे पायाखाली कारीट (एक कडू फळ) फोडतात, फोव म्हणजे पोहे खातात आणि मग आडवे होतात. पाडव्याला गुरांना हार घालायचे, म्हणजे गोरवांचो पाडवो. त्यानंतरच्या दिवशी तेच मुलगे इस्त्रीचा सदरा घालून बहिणीच्या दारात उभे असतात. नरकासुराचा गाजावाजा रस्त्यावर, भाऊबीज मात्र घरातली. बाहेरून येणाऱ्याला ती दिसतही नाही.

विधी छोटा आहे. रांगोळीवर पाट मांडायचा, शेजारी समई लावायची. तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि निरांजन. बहीण कुंकू लावते, त्यावर अक्षता चिकटवते, सुपारी आणि अंगठी भावाच्या तोंडाभोवती फिरवते, मग निरांजनाने ओवाळते आणि तोंडात गोड घालते. भाऊ तबकात ओवाळणी ठेवतो. थोरल्या भावाच्या पाया बहीण पडते, धाकटा असेल तर तो बहिणीच्या. लहान मुलांच्या घरात यावरून हमखास भांडण होते: सहा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या भावाच्या पाया पडायचे नसते आणि त्याला स्वतःचे पैसे तबकात टाकायचे नसतात. शेवटी आई हळूच त्याच्या मुठीत नोट सरकवते. अक्षता कपाळावर टिकल्या नाहीत तर कुंकू पातळ झाले असे समजावे; आज्यांची टीका ठरलेली.

चतुर्दशीला दुधातले, दह्यातले, रोसातले (नारळाच्या रसातले), गुळातले फोव खाऊन झालेले असतात, म्हणून भाऊबिजेला पुन्हा फोव पुढे करणे बहिणीला कमीपणाचे वाटते. या दिवशी पूर्ण पान हवे. खतखते (अनेक भाज्यांची मिश्र भाजी), वरण-भात, एखादी उसळ, सोलकढी आणि गोडाला मणगणे, म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, डब्यात असतातच, त्या निघताना बांधून द्यायच्या. श्रीखंड-पुरी आणि बासुंदी हा घाटावरचा आणि मिठाईच्या दुकानांचा पगडा. तोही आता गोव्यात चांगला रुळला आहे.

राखीशी तुलना करताना जाण्या-येण्याची दिशा लक्षात घ्यावी. श्रावणी पौर्णिमा जुन्या गोमंतकीय घरांत सुतां पुनव म्हणून ओळखली जाते. जानवे बदलण्याची ती तिथी, राखीचा थाट नंतरचा. राखी टपालानेही जाते. भाऊबिजेचे पान टपालाने जात नाही, भावालाच जावे लागते. बहीण सणावाराला कुळारात येते, माहेराला कोकणीत कुळार म्हणतात, पण या एका दिवशी कुळार तिच्या घरी येते. तिने कसे घर मांडले आहे, सासूशी कसे चालले आहे, हे भाऊ जेवता जेवता पाहून घेतो आणि घरी जाऊन आईला सांगतो. नद्यांनी चिरलेल्या या प्रदेशात पूर्वी त्यासाठी होडी, मग फेरीबोट आणि पुढची वाट पायी असे चाले. दिवाडीसारख्या बेटावर दिलेल्या बहिणीकडे आजही फेरीबोटीनेच जातात. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या कित्येक घरांच्या सोयरिकी बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाकडे आहेत. १९५५ पासून पोर्तुगीज गोव्याची सीमा कडक झाली, तेव्हा हे सणाचे जाणे-येणे परवान्यावर आले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ते पुन्हा मोकळे झाले.

ओवाळणीबद्दल गोव्यापुरती एक गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. बहिणीला जमिनीत वाटा मिळत नाही म्हणून भाऊ वर्षातून एकदा साडी-पैसे देतो, अशी या प्रथेची उपपत्ती पुष्कळदा मांडली जाते. गोव्याच्या कायद्याला ती लागू पडत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. तिच्या वारसाहक्कात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि मिळकतीचा निम्मा भाग आईवडिलांना मृत्युपत्राने मुलांपासून काढून घेता येत नाही. उत्तराधिकाराचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आले आहेत, तत्त्व तेच आहे. उरलेल्या भारतात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिंदू मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क सर्वत्र मिळाला तो २००५ साली; काही राज्यांत तो त्याआधी आला होता. म्हणजे कागदावर गोमंतकीय बहीण भावाच्या बरोबरीची वारस आहे आणि तबकातली नोट कशाचीही भरपाई नाही. कागदाबाहेर मात्र चित्र एवढे सरळ नाही. ‘भावाशी संबंध राहू दे’ म्हणून हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करणाऱ्या बहिणी आहेत, आणि कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची कारवाई, सुरू झाली की भाऊबिजेचा पाट मांडायचा थांबलेली घरेही आहेत.

भावंडांचे रुसणे गोव्यात देवांनाही चुकलेले नाही. डिचोली तालुक्यात सात बहिणी आणि एक भाऊ, अशी देवतांची लोककथा आहे. बहिणींची नावे गावागावांत थोडी बदलतात. भाऊ खेतोबा विस्तव आणायला गेला आणि खेळात रमला. उशीर झाला म्हणून बहीण लईराईने त्याला लाथ मारली, मग तिला पश्चात्ताप झाला. लईराईच्या शिरगावच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात ते याच प्रायश्चित्ताची आठवण म्हणून, असे सांगतात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) या सातांतलीच एक समजली जाते. तिच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, शिरगावहून तेल जाते आणि तिकडून मोगरीची फुले येतात. या कथेचा भाऊबिजेच्या विधीशी संबंध नाही, पण भाऊ-बहिणीविषयी गोवेकर बोलू लागला की ती निघतेच.

सख्खा भाऊ नसेल तर चुलत, मामे, आते कोणीही चालतो. तोही नसला तर चंद्राला ओवाळायचे. सगळ्या मुलांचा तो मामा, म्हणजे आयांचा भाऊच. यात घाई मात्र करावी लागते. बिजेची कोर बारीक असते, सूर्यास्तानंतर पश्चिमेला खाली दिसते आणि लवकरच बुडते. किनाऱ्यालगतच्या गावांत ती माडांच्या शेंड्यांत अडकून थेट समुद्रावर उतरते. म्हणून दिवेलागणीला एकजण अंगणात उभी राहून आभाळ न्याहाळते आणि दुसरी तबक हातात घेऊन ओसरीवर वाट बघते.